चाळणीतले भुरे केस

१

सकाळी साडेनऊला प्रयोगशाळेत मी बरणी उघडायला उठले आणि खिडकीच्या काचेपलीकडे मला माझा धाकटा भाऊ पालथा पडलेला दिसला. नव्या शेडमधल्या पहिल्या ड्रमच्या शिडीखाली. एक हात शिडीच्या पायरीत अडकून वरच राहिला होता. ड्रम आपला संथ फिरत होता.

मी मुळातच भित्री. घरात माझा विषय निघाला की ‘भित्यापाठी ब्रह्मराक्षस’ म्हणायची पद्धतच पडून गेलीय. कशीबशी आवारात धावले आणि ओरडले, "धाकटा शिडीवरून पडला!" त्यापलीकडे मला काही सुचलं नाही.

समोरच्या जुन्या शेडमधून बाबा आले. बाबा तिथले मुकादम. चौतीस वर्षांची नोकरी झालेली, निवृत्तीला दोन महिने उरलेले. मी नव्या शेडचं दार ढकलणार, तोच त्यांनी दंड धरून मला मागे ओढलं, तोंडावर मास्क चढवला, आत शिरले आणि धाकट्याला फरफटत बाहेर आणलं. त्याचे ओठ निळे पडले होते. श्वास चालू होता, पण मोजून घ्यावा इतका सावकाश.

आमचा कारखाना चामड्याचा. कातड्यावरचे केस काढायला जुन्या शेडमध्ये सोडियम सल्फाइड वापरतात. ते केस जाळून त्यांचा लगदा करतं, सांडपाणी नासवतं आणि त्यावर अ‍ॅसिड पडलं की सडक्या अंड्यांच्या वासाचा वायू सोडतं. वायू थोडा असेल तर वास येतो. जास्त असेल तर आधी नाक बधिर होतं आणि मग माणूस.

नव्या शेडमध्ये सल्फाइड नव्हतंच. तिथे आमच्या मॅडमनी अकरा वर्षं खपून तयार केलेलं एन्झाइम चालतं. आम्ही त्याला नुसतं ‘रस’ म्हणतो. जिवाणूंनी बनवलेला हा रस केसांची मुळं सैल करतो आणि केस अख्खेच्या अख्खे गळून चाळणीत येतात. मग कातडी पाण्याने धुवून ड्रममध्ये अ‍ॅसिड सोडायचं, ते दोन्ही शेडमध्ये सारखंच. रस टाकीत वाढवायचं काम माझं, ड्रम चालवायचं धाकट्याचं. शिवाय प्रत्येक खेपेला त्याच कातड्याचा तळहाताएवढा तुकडा आणि थोडा रस एका बरणीत घालून मी रात्रभर हलता ठेवते. कुणी सांगितलेलं नाही, माझी आपली सवय.

त्या दिवशी बरणी तशीच राहिली.

रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांनी धाकट्याला बघितलं आणि विचारलं, "इथे सल्फाइड वापरता का?"

"या शेडमध्ये कणही आणत नाही," मी म्हणाले.

"मग हा वायू कुठून आला?"

बाबा त्याच्याबरोबर गाडीत चढले. मी शेडकडे वळून पाहिलं. आत दुसरा ड्रम काठोकाठ भरलेला उभा होता. त्यात अ‍ॅसिड पडायचं अजून बाकी होतं.

२

तपासनीस त्या दिवशी तसेही येणारच होते. दुपारी तीनला बूट बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीचे पाहुणे चाचणी बघणार होते आणि त्याआधी यांनी शेडला सुरक्षिततेचा शेरा द्यायचा होता. त्यांना फाटकातच गाठून मॅनेजरनी निकाल सांगून टाकला.

"पोराचीच करणी आहे, साहेब. मागच्या खेपेला केस नीट निघाले नाहीत. या वेळी निघावेत म्हणून जुन्या शेडमधून सल्फाइड चोरून आणलंन् आणि स्वतःच आडवा झाला. लिहून टाका."

माझं डोकं भणभणलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

नाकाने कांदे सोलणारे साहेब मी पुष्कळ पाहिलेत. या साहेबांचं नाकच निकामी होतं. वीस वर्षांपूर्वी असल्याच वायूत सापडले आणि तेव्हापासून त्यांना वास फुलाचा कळत नाही की गटाराचा. हे त्यांनी स्वतःच सांगितलं. मग मला विचारलं, "तुला कशाची भीती वाटतेय?"

"तो मरेल याची," मी म्हणाले. "आणि वाचला तर चोर ठरेल याची."

त्यांनी मान हलवली. एव्हाना शेड सताड उघडून पंखे लावून झाले होते. पहिल्या ड्रमखालच्या चाळणीत केसांचा ढीग होता. साहेबांनी त्यातली चिमूट उचलून उजेडात धरली.

"ड्रममधली कातडी कुठल्या रंगाची?"

"काळी. दोन्ही ड्रममधली झाडून सगळी काळी."

त्यांनी तळहात माझ्यापुढे धरला. केस भुरे होते.

"वास येत नाही, पण रंग दिसतो मला," ते म्हणाले. "भुरी कातडी कधी होती?"

"मागच्या खेपेला."

"म्हणजे कुणीतरी काळे केस सल्फाइडने जाळले. लगदा पाण्याबरोबर वाहून गेला, चाळणी रिकामी राहिली. रिकामी चाळणी बघून कुणालाही कळलं असतं. म्हणून मागचे केस आणून इथे टाकले."

मग त्यांनी खिशातून दोरा बांधलेलं चांदीचं नाणं काढलं आणि दुसऱ्या ड्रमच्या पाण्यात सोडलं. वर काढलं तेव्हा ते तव्याच्या बुडासारखं काळं झालं होतं.

"दोन्ही ड्रममध्ये घातलंय," ते हळूच म्हणाले. "तुझ्या भावाने घातलं असतं, तर त्याच ड्रमवर वाकून तो अ‍ॅसिड सोडायला गेला असता का? तो चोर नाही. पण खरा चोर दाखवल्याशिवाय मॅनेजर ऐकायचे नाहीत. आता एक कर. तीन वाजता दुसऱ्या ड्रममध्ये अ‍ॅसिड तू घालणार आहेस, एवढंच एकेकाला सांग. मी चेहरे बघतो."

"आणि खरंच घालायला लावलं तर?"

त्यांनी वही उघडली.

३

मॅनेजरना सांगितलं तेव्हा ते पाहुण्यांसाठी खुर्च्या मांडून घेत होते. "शाबास," ते म्हणाले. "चष्मा लाव आणि चेहरा जरा हसरा ठेव. या खेपेला फसलं तर मालक नव्या शेडला कुलूप लावणार आहेत. तुझा भाऊ परत जुन्या शेडमध्ये, आणि तू घरी. मुकादमांनाही परवा हेच सांगितलं मी."

त्यांचा चेहरा साहेबांनी पाहिला. त्यावर पाहुण्यांच्या काळजीशिवाय काही नव्हतं.

दुसरा गोडबोल्या. हे त्याचं नाव नव्हे, कामगारांनी दिलेली पदवी. कारखान्याला सल्फाइड पुरवणारा दलाल तो, आणि मॅडमचा रस यशस्वी झाला तर त्याचा धंदा बसणार होता. सकाळपासून तो आवारातच घुटमळत होता. माझा संशय त्याच्यावर, आणि खरं सांगायचं तर तोच निघावा म्हणून मी मनात नवससुद्धा बोलले.

"तू घालणार? घाल की, ताई," तो म्हणाला. "तुमच्या त्या रसाचं काय, दही लावल्यासारखं काम. लागलं तर लागलं."

"याला चाचणी फसायला हवी होती," साहेब नंतर म्हणाले. "हा चाळणीत केस आणून का टाकेल? ज्याने टाकले त्याला चाचणी पार पडायला हवी होती."

राहिल्या मॅडम. त्या प्रयोगशाळेत डोकं धरून बसल्या होत्या. माझं वाक्य पुरं होण्याआधीच म्हणाल्या, "वेडी आहेस का? मी घालते. तू भावाजवळ जा."

साहेब त्यांच्यासमोर बसले. "केस निघाल्यावर अ‍ॅसिडच्या आधी किती पाण्यांनी धुता?"

"आधी आठ पाण्यांनी धुवायचो. जुन्या शेडमध्ये अजून आठच देतात, तिथे सल्फाइड पुरतं निघून जावं लागतं. आमच्यात काढायचं काही नसतंच, म्हणून सोमवारी मी धुण्याचा तक्ता बदलला. एकच पाणी. सात पाण्यांची बचत पाहुण्यांसमोर जाहीर करणार होते, तोवर गुप्त ठेवलं. मला माहीत, या दोघा भावंडांना माहीत. चौथ्या माणसाला नाही."

"म्हणजे तुम्ही सल्फाइड घातलं असतं, तर एका पाण्यावर अ‍ॅसिड पडू दिलं नसतं," साहेब म्हणाले. "घालणाऱ्याला वाटलं, आठ पाण्यांत सगळं वाहून जाईल आणि कुणाला कळणारही नाही. त्याला कुणाला मारायचं नव्हतं. त्याला जुनी पद्धत पाठ होती आणि नवा तक्ता माहीत नव्हता." ते थांबले. "मागच्या खेपेचे भुरे केस कुठे ठेवलेत?"

"तीन पोती निघाली होती. एक माझ्या कपाटात आहे, बघा, शिवण तशीच आहे." मॅडम माझ्याकडे वळल्या. "बाकीची दोन कुणी नेली गं?"

दोन्ही पोती कुठे आहेत हे मला पक्कं ठाऊक होतं. ती उचलून न्यायला मीच हात लावला होता.

"माहीत नाही," मी म्हणाले.

४

आमची चाळ कारखान्याच्या मागच्या फाटकाला लागूनच. दवाखान्यात जाते असं सांगून मी निघाले आणि आधी घरी गेले.

बाबांना गुलाबांचं वेड आहे. आई गेल्यापासून तर फारच. मागच्या गॅलरीत कुंड्यांच्या तीन रांगा, आणि केसांचं खत गुलाबाला चांगलं म्हणून ती दोन पोती त्यांनी मला विचारून आणली होती. ओझं जड नव्हतं, तरी एक टोक मी धरलं होतं. जिन्यात ते म्हणाले होते, "तुझ्या रसाची पहिली कमाई."

मी कुलूप उघडलं. घरात सगळं नेहमीसारखंच होतं. बाबांची बशी पालथी घातलेली, धाकट्याचा टॉवेल खुर्चीवर ओलाच टाकलेला. बाबा सकाळी सहाच्या पाळीला गेले होते, धाकटा आठला. सहा ते आठ नव्या शेडमध्ये कुणी नसतं. हे आजवर माझ्या मनातही आलं नव्हतं, आणि आता दुसरं काही येईना.

मी गॅलरीचं दार लावून घेतलं. पुन्हा उघडलं. मग स्वतःलाच म्हणाले, बाबा आहेत ते, बघायला काय घाबरतेस.

कुंड्यांच्या मागे एक पोतं होतं. शेजारी फरशीवर दुसऱ्या पोत्याएवढीच कोरडी, स्वच्छ जागा होती, आणि तिथपासून दारापर्यंत चार-दोन भुरे केस पडले होते. ते मी वेचले. का वेचले ते सांगता येणार नाही. मुठीत धरून तशीच उभी राहिले, आणि दिवसाउजेडी, भर दुपारी, माझ्याच घरात मला इतकी भीती वाटली की दात वाजायला लागले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. मी तर गोडबोल्यासाठी नवस बोलून आले होते.

दारात कुणीतरी खाकरलं.

"किती पोती आहेत?" तपासनीस म्हणाले. "एक की दोन?"

५

दवाखाना पायी दहा मिनिटांवर. वाटेत मी त्यांच्याशी भांडले.

"त्यांनी आत शिरून त्याला बाहेर काढलंय. स्वतःचा जीव धोक्यात घालून."

"काढलं खरं," ते म्हणाले. "तू काय ओरडलीस?"

"धाकटा शिडीवरून पडला."

"शिडीवरून पडलेल्या पोराला उचलायला बाप मास्क लावून जातो का? नव्या शेडमध्ये वायू नसतोच. दाराबाहेर वास आला होता?"

"नाही."

"मास्क कुठे टांगलेले असतात?"

"जुन्या शेडमध्ये. आतल्या खुंटीला."

"म्हणजे पोरगा पडलाय हे ऐकून ते आधी आत वळले, मास्क घेतला आणि मग धावले. तुलाही दारातच अडवलं. आत काय आहे ही धास्ती त्या आवारात एकाच माणसाला होती."

मला त्यांचा इतका राग आला की ढकलून द्यावंसं वाटलं. पण त्यांचं म्हणणं खोडता येईना.

बाबा धाकट्याच्या खाटेशी बसले होते. धाकट्याच्या तोंडावर प्राणवायूची नळी. डॉक्टर म्हणाले होते की संध्याकाळपर्यंत डोळे उघडले तर आशा आहे. साहेब दाराबाहेर थांबले. मी बाबांसमोर बसले आणि ठरलेलं वाक्य म्हणाले. मॅनेजरांना सांगितलं तेव्हा ते खोटं होतं. आता म्हणताना ते खरंच वाटलं.

"बाबा, तीन वाजता दुसऱ्या ड्रममध्ये अ‍ॅसिड मी घालणार आहे."

त्यांनी वर पाहिलं. "काम बंद नाही केलं?"

"पाहुणे येणार आहेत ना."

"किती पाणी दिलंत त्या ड्रमला?"

"एक."

"आठ द्यायची असतात, पोरी."

"सोमवारपासून एकच आहे. मॅडमनी तक्ता बदलला. घरी सांगू नका म्हणाल्या, म्हणून आम्ही बोललो नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग हळूहळू त्यांची नजर खाटेकडे वळली.

"यालाही एकच पाणी दिलं होतं?"

"हो, बाबा."

सकाळपासून त्यांना हेच उमगत नव्हतं, आठ पाण्यांनंतर वायू आला कुठून. आता उमगलं. त्यांनी दोन्ही हातांनी खाटेची कड धरली. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, अडीच वाजले होते, आणि ते ताडकन उठले.

"फोन लाव. त्या ड्रमला कुणी हात लावू नका म्हणावं. मी टाकलंय त्यात. दोन्हींत टाकलंय. लाव लवकर."

साहेब आत आले. त्यांनी खिशातून अ‍ॅसिडच्या पंपाची किल्ली काढून खाटेवर ठेवली. "सकाळपासून माझ्याकडेच आहे," ते म्हणाले. "बसा, मुकादम."

बाबा बसले.

"जुन्या शेडमध्ये माझ्यासमोर दोघे वायूने गेले," ते म्हणाले. "एकाला मीच कामाला लावलं होतं. मॅनेजर म्हणाले, या खेपेला फसलं तर पोरगं परत तिकडे. म्हटलं, एकदा पार पडू दे. एकदाच. त्याला त्या वायूतून कायमचा बाहेर काढायला गेलो मी, साहेब."

मी खूप भ्याले होते, खूप चिडलेही होते. तरी मी त्यांचा हात धरला.

६

चारच्या सुमाराला मी प्रयोगशाळेत परत आले. पाहुण्यांना फाटकातूनच परत पाठवलं होतं. दुसऱ्या ड्रमला सील लागलं होतं. मॅनेजरनी आपला ‘लिहून टाका’ परत घेतला, तोही साहेबांनी दोनदा विचारल्यावर. धाकट्याचं नाव कागदावरून गेलं आणि तिथे बाबांचं आलं.

दिवे बंद करता करता मला कोपऱ्यात खडखड ऐकू आली. माझी बरणी. काल संध्याकाळपासून बिचारी हलत होती.

यंत्र थांबवून मी झाकण काढलं. ओल्या कातड्याचा उग्र वास खोलीभर झाला. तुकडा गोरापान निघाला होता, आणि वर काळे केस तरंगत होते, अख्खे, मुळासकट. त्या बरणीत रसाशिवाय काही नव्हतं. मला आनंद झाला, अगदी टाळी वाजवावी इतका. मग त्याचा अर्थ लक्षात आला आणि मी स्टुलावर बसून रडले.

बरणी पिशवीत घालून दवाखान्यात नेली. कुणाला दाखवायची हे ठरलं नव्हतं. तपासनिसांनी बाबांना पोराला शुद्ध येईपर्यंत तिथे बसू दिलं होतं, स्वतः दाराशी स्टूल टाकून.

सहाला धाकट्याने डोळे उघडले. आधी छत पाहिलं, मग मला. डॉक्टरांनी नळी बाजूला केल्यावर त्याने पहिली गोष्ट हीच विचारली.

"ताई, केस पडले का?"

मी बरणी बाबांच्या हातात दिली. त्यांनी ती खिडकीशी नेऊन उजेडात धरली. चौतीस वर्षं कातडी बघितलेला माणूस, त्याला कुणी समजावून सांगायला नको होतं.

"यात काय काय घातलंस?" त्यांनी विचारलं.

"फक्त रस."

त्यांनी बरणी दोनदा फिरवून पाहिली. मग धाकट्याजवळ येऊन ती त्याच्या पोटावर ठेवली आणि त्याचे हात तिच्याभोवती धरवले.

"पडले रे," ते म्हणाले. "सगळे पडले. तुमच्या रसानेच पडले." मग माझ्या कानाशी, "याला आज काही सांगू नकोस." आणि ते तपासनिसांच्या पुढे होऊन दाराकडे निघाले.

धाकटा हसला. त्याने झाकण काढलं आणि लहानपणी डब्यात डोकावायचा तसा बरणीत डोकावला. ओल्या कातड्याचा वास खोलीभर पसरला. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीने पदर नाकाला लावला.

त्याने दीर्घ श्वास घेतला, पुन्हा एकदा घेतला.

"बघ ताई," तो खुशीत म्हणाला. "याला कसलाच वास येत नाही."

दारातले दोघेही थांबले.